बोटाखालचा पीसी
(रोजनिशीतील पाने : कामठा, जि. गोंदिया)

५ मे २०२४, रविवार

बहीण दोन्ही पोरांना घेऊन तिरोड्याहून आली. भाचीची दहावी झाली आहे, निकाल यायचा आहे. भाचा सातवीत जाईल. विदर्भातल्या शाळा १ जुलैला भरतील, तोवर पोरांचा मुक्काम इथेच. भाच्याने पाणी प्यायच्या आधी विचारले, “मामा, तो उलटा होनारा लॅपटॉप कुठं हाय?”

तो म्हणजे मी गेल्या दिवाळीत नागपूरला सीताबर्डीत घेतलेला सेकंडहँड टू-इन-वन. पडदा पूर्ण मागे वळतो. सरळ उघडला तर लॅपटॉप, उलटा दुमडला तर टॅबलेट, मधेच थांबवून उभा केला तर तंबू. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. गोंदियाला मी संगणकाच्या वर्गात शिकवतो, त्या कामासाठी घेतला. पण मनात दुसरेही होते. फोनवर वाढलेल्या या पोरांना पीसीवरचे गेम या पडद्यावर बोटाने कितपत खेळता येतात, ते मला नीट बघायचे आहे. त्यासाठीच ही वही.

संध्याकाळी अंगणात खाट टाकून ‘प्लँट्स व्हर्सेस झोंबीज’ लावून दिला. २००९चा गेम. रोपाचे पाकीट उचलायचे, हिरवळीवर टेकवायचे, वरून पडणारे सूर्य वेचायचे. सगळे एका क्लिकचे काम. बोटाला तो लगेच वश होतो. पहिली लाट सहज परतवली. मग दोघांनी वाटणी केली : भाची रोपे लावणार, भाचा सूर्य वेचणार. दोघांची बोटे एकदम पडद्यावर आली आणि रोप हवेतच अडकले. सूर्यही वेचला जाईना. “मामा, हे तं अडकून राहिलं!”

अडकले नव्हते. जुन्या गेमसाठी विंडोज पहिल्या टेकलेल्या बोटाला माऊस समजते आणि तेवढेच गेमला कळवते. दुसऱ्या बोटाचा गेमला पत्ताच लागत नाही. लिहिणाऱ्यांच्या समोर माऊस होता, आणि माऊस एका वेळी एकच असतो. पोरांनी यावर तोड काढली, एक लाट तुझी, एक माझी. भांडण मात्र लाट नेमकी कुठे संपते यावरून झालेच.

८ मे, बुधवार

भाचीने विचारले, लॅपटॉप आणि टॅबलेट एकात जोडायचे कोणाला सुचले? रात्री जेवणानंतर सांगत बसलो.

पेनने चालणारे टॅबलेट पीसी २००२ पासूनच होते, पण महाग आणि जड, कंपन्यांच्या कामाचे. घराघरांतली गोष्ट सुरू झाली २६ ऑक्टोबर २०१२ ला, विंडोज ८ आली तेव्हा. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी विकायला काढला. त्याच्या आत एआरएम प्रोसेसर होता, त्यामुळे लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या पीसी गेमपैकी एकही त्यावर चालत नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत इंटेल प्रोसेसरचा सरफेस प्रो आला आणि ती अडचण गेली. लेनोव्होचा योगा २०१२ चाच. माझ्या यंत्राला आहे तशी मागे वळणारी बिजागरी त्याच्यामुळे सगळीकडे पोचली. आपल्याकडे मायक्रोमॅक्सने २०१५ मध्ये कॅनव्हास लॅपटॅब आणला, १०.१ इंची पडदा, ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, किंमत १४,९९९ रुपये. फोनच्या भावात पूर्ण विंडोज हातात येणे ही तेव्हा मोठी गोष्ट होती. पहिल्यांदा संगणक घरी आला तो अशाच स्वस्त यंत्राच्या रूपाने, अशी घरे मला माहीत आहेत.

कपाटात माझाही त्याच काळातला एक ॲटमवाला टॅब पडला आहे, विंडोज ८.१ वर अडकलेला. भाच्याला तो हवा होता. पण १ जानेवारी २०२४ पासून गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने विंडोज ७, ८ आणि ८.१ यांचा आधार काढून घेतला, म्हणजे विकत घेतलेले गेमही त्यावर उतरवता येतील याचा भरवसा उरला नाही. स्टीमच्या आधाराने न चालणारे, स्वतंत्र फाइलचे जुने गेम तेवढे चालतील. तेच भरून द्यायचे ठरवले.

१४ मे, मंगळवार

आज माइनक्राफ्टचा दिवस. पोरे हा गेम फोनवर खेळतात, डोळे मिटून खेळतील इतका हात बसला आहे. वर्गातल्या एका पोराने तो पीसीसाठी विकत घेतला आहे, त्याला बोलावले होते. २०२२ पासून पीसीवर जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या एकत्रच मिळतात, त्यामुळे दोन्ही एकाच पडद्यावर लावून बघता आल्या.

बेडरॉक बोट ओळखते. पडद्याला हात लावला की डाव्या कोपऱ्यात चालायची बटणे उगवतात, फोनसारखी. भाचा क्षणात खाणीत उतरला. मग जावा आवृत्ती लावली. त्याने पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बोट टेकवले मात्र, सगळे जग गर्रकन फिरले. आकाश खाली, जमीन वर. पुन्हा टेकवले, पुन्हा तेच. पोराला गरगरले. “माह्यं बोट तं जागेवरच हाय मामा, मग ते काहून फिरून राहिलं?”

प्रश्न इतका नेमका होता की मी वहीत चित्र काढून समजावले. असे गेम माऊसचा बाण लपवून पडद्याच्या मध्यावर बांधून ठेवतात. बाण कुठे आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, तो मध्यापासून किती सरकला एवढेच ते दर क्षणी मोजतात, आणि तितकी मान फिरवतात. माऊस थोडा सरकला की मान थोडी वळते. बोटाचे तसे नाही. बोट सरळ जागाच सांगते : मी इथे आहे. मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे सगळे अंतर गेमला एका झटक्यात चाललेले दिसते आणि तो मान पिळवटून टाकतो.

जागा सांगणारे बोट आणि हालचाल सांगणारा माऊस. पीसीवरचा कुठला गेम टच पडद्यावर चालेल आणि कुठला नाही, हे बहुतांशी एवढ्यावरच ठरते. यंत्राची ताकद त्याच्या नंतर येते. विकत घेताना लोक रॅम विचारतात, हे कोणी विचारत नाही. गेम विकणाऱ्यांनी गेमपॅड चालतो की नाही हे जसे ठळक छापले आहे, तसे बोटाचेही छापायला हवे. त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि खेळणाऱ्याचे पैसे वाचतात.

१७ मे, शुक्रवार

दुपारी भाचा घाबरून आला. “गेममंधी भूत हाय.” जाऊन बघतो तर खरोखर रोपे आपोआप लागत होती, मेनू उघडत होता, मिटत होता. कोणाचे बोट पडद्यावर नव्हते. आईने तर यंत्र तुळशीपासून लांब ठेवायला सांगितले.

गेम बंद केला, तरी डेस्कटॉपवर तेच. चार्जर काढला आणि पडदा शांत झाला. चार्जर लावला की पुन्हा नाच. यंत्राच्या पाठीवर हाताची मागची बाजू फिरवली तर मुंग्या आल्यासारखी झिणझिण. टेस्टर लावला, बारीक दिवा लागला. भूत सापडले : अर्थिंग.

टच पडदा बोटाचा दाब मोजत नाही. त्याच्या काचेखाली बारीक विद्युत जाळी असते, बोट जवळ आले की तिच्यावरचा भार किंचित बदलतो आणि तो बदल मोजून पडदा बोटाची जागा काढतो. मोजायची गोष्ट अतिशय सूक्ष्म. लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी, जाड पिन जमिनीशी जोडलेली असेल तर चार्जरमधून येणारी खरखर तिकडे निघून जाते. आमच्या बैठकीत तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत खुपसलेला. खरखरीला वाटच नाही, ती यंत्राच्या अंगावर चढते आणि जाळीला ठिकठिकाणी बोटे असल्याचा भास होतो. फोनच्या बाबतीतही स्वस्त चार्जरवर हे होते, पण हातभर मोठ्या पडद्यावर ते फार दिसते.

पोरांना सांगितले, चार्जर लावून खेळणे आजपासून बंद. बॅटरीवर खेळा. बॅटरी आहे म्हणूनच तर लाइन गेली तरी खेळ थांबत नाही.

१९ मे, रविवार

गावातले वायरमन भाऊ सकाळी उन्हाच्या आधी आले. मीटरपासून बोर्डापर्यंत अर्थची तार होती, पण बाहेर खड्ड्यातली टोकाशी गंजून तुटली होती. किती वर्षांपासून, देव जाणे. न्हाणीघराच्या मागे, जिथे पाणी मुरते तिथे, नवा खड्डा घेतला. लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वरून बादलीभर पाणी. भाच्याने मीठ ओतायचे काम मागून घेतले. तार पाइपाला नटबोल्टने आवळली, बैठकीतला बोर्ड बदलून तीन पिनांचा केला.

चार्जर लावला, पडद्यावर बोट ठेवले. पडदा गप्प. टेस्टरचा दिवाही लागला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आई म्हणाली, फ्रिजचा हँडल धरला की झटका बसायचा तोही गेला. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही. कूलरचे दिवस आहेत. ओल्या जमिनीवर उभे राहून कूलरला हात लावणारी घरे गावोगाव आहेत आणि त्यांच्या बोर्डातले तिसरे भोक नुसते भोकच आहे. वायरमन भाऊंना म्हटले, शेजारच्या घरांचेही बघून द्या. त्यांनी दोन घरे आजच बघितली.

खेड्यात टच लॅपटॉप घेणाऱ्याने पिशवीतून यंत्र काढायच्या आधी टेस्टर काढावा, हे या वहीत ठळक लिहून ठेवतो.

२३ मे, गुरुवार, बुद्धपौर्णिमा

सुटी. ‘सिव्हिलायझेशन फाइव्ह’ लावला. गेम २०१०चा, पण २०१२ मध्ये फिरॅक्सिसने इंटेलच्या साथीने त्याला विंडोज ८ साठी टचची आवृत्ती जोडली. स्टीमवरून सुरू करताना तो विचारतो, कुठल्या तऱ्हेने उघडू, त्यात ती निवडायची. मग दोन बोटांनी नकाशा सरकतो, चिमटीने जवळ-लांब होतो, तुकडीवर बोट ठेवून ओढले की ती चालू लागते. नंतर जोडलेले असूनही मन लावून केलेले काम आहे. तुम्ही डाव टाकेपर्यंत गेम थांबतो, कितीही वेळ. बोट चुकले तर मागे घ्यायला फुरसत असते. बोटाला सर्वात जास्त कशाची गरज असेल तर या फुरसतीची.

भाच्याने भारत निवडला, गांधीजी पुढारी. राजधानीचे नाव बदलता येते हे कळल्यावर दिल्ली खोडून ‘कामठा’ लिहिले. मी त्याला म्हटले, कामठा एकेकाळी खरोखरच राजधानीसारखा होता, मोठ्या जमीनदारीचे ठाणे. १८१८ मध्ये इथला जमीनदार चिमना पटेल इंग्रजांविरुद्ध उठला, नागपूरहून कॅप्टन गॉर्डनची तुकडी चालून आली, चिमना पकडला गेला, आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि पुढच्या डावात कामठ्याला आधी तटबंदी बांधली.

२७ मे, सोमवार

एक वाजता दहावीचा निकाल. भाची ८१ टक्क्यांनी पास. बहिणीने गोंदियाहून पेढे आणायला सांगितले होते, ते उन्हात पाघळत आणले. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, परवापासून सुरू झाला आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही.

निकालाच्या आनंदात पोरांना दुपारी खेळायची परवानगी मिळाली आणि यंत्राने मान टाकली. बंद पडले नाही; आधी सुरळीत चाललेला गेम अडखळू लागला, पाठ तव्यासारखी तापली. हे टू-इन-वनच्या घडणीतच आहे. त्याच्या प्रोसेसरला साधारण १५ वॅटमध्ये संसार करायचा असतो आणि चित्रे काढणारा भागही त्याच १५ वॅटमध्ये वाटेकरी. गेमचा मोठा लॅपटॉप याच्या कितीतरी पट वीज खातो आणि तेवढी उष्णता बाहेर फेकायला त्याला जाड अंग असते. बारीक अंगाचे यंत्र तापले की स्वतःला वाचवायला वेग उतरवते. बाहेर ४५ अंश असेल तर पंखा तरी कुठली थंड हवा ओढणार?

काय करता येते ते संध्याकाळी करून बघितले. गेमची चित्रे १२८० बाय ७२० वर आणली. सेकंदाला तीस चित्रांची मर्यादा घातली. विंडोजच्या वीज-सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली. एका टक्क्याचा फरक दिसतो, पण त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि यंत्र खूपच निवते. आणि सगळ्यात उपयोगी पडला तो तंबू. गादीवर पसरून खेळताना हवेच्या फटी कापसात बुजतात, तंबूत त्या मोकळ्या राहतात. आता खेळ सकाळी सहा ते आठ, तंबू करून, फरशीवर. घामाचे बोट काचेवर चिकटते आणि घामाचा थेंब पडला तर पडदा त्यालाही बोट समजतो, म्हणून शेजारी गमछा.

२ जून, रविवार

यंत्राबरोबर पेन आले होते, मी ते फॉर्मवर सही घेण्यापलीकडे वापरले नव्हते. आज ‘मशिनॅरियम’ खेळताना भाचीने काढले. यंत्रमानवांच्या गावातला हा कोड्यांचा गेम झेक कलाकारांनी हाताने चितारला आहे. त्यात एक शब्द न बोलता गोष्ट सांगितली जाते, आमच्या घरात सर्वांना कळते, आईलाही. अशा गेममध्ये बाण वस्तूवर नुसता नेला की त्याचे रूप बदलते आणि इथे काही करण्याजोगे आहे हे समजते. बोटाला नुसते नेणे ठाऊक नाही. ते टेकते तरी किंवा नसते तरी. पेनचे टोक काचेपासून थोडे वर असतानाच पडद्याला कळते, बाण त्याच्याबरोबर तरंगतो, टेकले की क्लिक. वर अंगठ्याखाली राइट क्लिकचे बटण. बोट टेकले की खालचे चित्र झाकले जाते, पेनने झाकत नाही. भाचीने आईला शेजारी बसवून दोन कोडी सोडवली.

उलट एक गेम असा की तिथे बोट माऊसला मागे टाकते. ‘ओसू’ हा फुकट मिळणारा तालाचा गेम. गाणे वाजते आणि ठेक्यावर उमटणाऱ्या गोलांवर टिचकी मारायची. माऊसला एका गोलाकडून दुसऱ्याकडे प्रवास करावा लागतो, बोट थेट पोचते, दोन्ही हात आलटून पालटून वापरता येतात. त्यामुळे टच पडद्यावर खेळणाऱ्याच्या गुणांवर त्या गेमवाल्यांनी वेगळी खूण लावायला सुरुवात केली आणि त्यांची क्रमवारीतली किंमत कमी धरली. मला हे योग्यच वाटते. साधन वेगळे, तर शर्यत वेगळी. भाच्याला मात्र अन्याय वाटला, तो तासभर त्यावर बोलत होता.

९ जून, रविवार

कालच्या शिडकाव्यानंतर हवा स्वच्छ. सकाळी डोक्यावरून बिरसीची शिकाऊ विमाने घिरट्या घालत होती. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेली, आमच्या शिवेला लागूनच. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे, डायमंड कंपनीची लहान विमाने दिवसभर उतरतात आणि चढतात. डिसेंबरपासून हैदराबादचे प्रवासी विमानही सुरू झाले आहे. कामठ्यातल्या पोरांना विमानाचे नवल नाही, त्याच्या आतले नवल आहे.

भाचीला विमानाचा गेम हवा. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा फ्लाइट सिम्युलेटर किमान १५० जीबी जागा आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड मागतो, ते आमच्या आवाक्याबाहेर. फ्लाइटगिअर उतरवले. जगभरचे हौशी लोक १९९०च्या दशकापासून ते फुकट बांधत आले आहेत, मूळ कोडही उघडे आहे. चित्रे साधी ठेवली तर आमचे यंत्र ते ओढते. सुरुवातीला मिळते ते सेसना १७२, चार माणसांचे, बिरसीवर दिसतात तसेच लहान विमान. आम्ही नागपूरच्या धावपट्टीवर उभे राहिलो. तिथून पूर्वेकडे बिरसी साधारण १४० किलोमीटर, या विमानाला पाऊण तासाची वाट.

आणि इथे टच पडद्याने जे दिले ते माऊसने कधी दिले नव्हते. समोर विमानाची खरी फळी. मास्टर स्विचवर बोट, तो वर गेला. इंधनमिश्रणाची लाल मूठ बोटाने ढकलली. किल्ली फिरवली, पंखा फिरू लागला. मेनूत आपोआप सुरू करायची सोय आहे, भाचीने ती नाकारली, “नाही, मी एकेक करूनच चालू करतो,” (इकडच्या मुली ‘करतो’च म्हणतात) आणि कागदावर यादी लिहून एकेक स्विचवर बोट ठेवत गेली.

मग विमान हलेना. इंजिन पूर्ण जोरात, विमान जागेवर. कितीतरी वेळ शोधल्यावर सापडले, पार्किंग ब्रेक लागलेला. तो सुटतो शिफ्ट आणि बी दाबून. टॅबलेट दुमडलेला होता, आणि दुमडला की कीबोर्ड झोपतो. भाचीने काही न बोलता पडदा पुन्हा सरळ केला.

१६ जून, रविवार

आठवडाभर तिने हाच उद्योग केला. उजव्या हाताचे बोट पडद्यावरच्या स्विचवर, डावा हात कीबोर्डवर. पेज-अप इंजिनाचा जोर वाढवते, पेज-डाउन कमी करते. चौकोनी कंसाची दोन बटणे पंखांच्या झडपा खालीवर करतात. बी म्हणजे ब्रेक. विमानाचे नाक सांभाळायला माऊस, कारण बोटाने दांडा धरला की चौदा मेच्या माइनक्राफ्टसारखेच होते, विमान एका झटक्यात कलंडते.

कालपासून ती माझ्याबरोबर गोंदियाला येते, एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाला नाव घातले आहे. हा अभ्यासक्रम २००१ पासून गावोगाव चालतो आणि मी त्यातली खूप पोरे शिकवली. गेल्या काही वर्षांत एक दृश्य वाढत चालले आहे. नवा विद्यार्थी माऊस सरकवत टेबलाच्या कडेला पोचतो, बाण पडद्याच्या मध्येच असतो, आणि तो थांबतो. माऊस उचलून परत मागे ठेवायचा आणि पुन्हा सरकवायचा, हे त्याच्या मनात येत नाही. का यावे? त्याने आयुष्यभर फोन वापरला, तिथे बोट जिथे, बाण तिथे. फोनवर वाढलेल्या हाताला ‘जागा’ ठाऊक आहे, ‘हालचाल’ ठाऊक नाही. आम्ही शिक्षक त्याला मंद समजतो, ते फार चुकीचे आहे.

भाची पहिल्या दिवशी माऊस उचलून मागे ठेवत होती, सहज. शेजारच्या मुलीने विचारले, तुले कोणी शिकवलं? ती म्हणाली, “विमानानं.”

म्हणून मला हे यंत्र महत्त्वाचे वाटते. ज्यांच्या घरी पीसी कधीच नव्हता त्या पोरांना त्यावर ओळखीचे काहीतरी सापडते, बोट चालते. गेम हळूहळू अशा जागी नेतो की बोट पुरत नाही, आणि मग पोर स्वतःहून कीबोर्डकडे हात नेते. त्याला गेम बिघडवतो म्हणणाऱ्या पालकांना मी वर्गात हेच सांगणार आहे. पैसे लावून खेळायच्या ॲपबद्दल त्यांचा राग रास्त आहे, मलाही आहे; इथे पोराने स्विच ओळखला आणि यादी लिहिली, हे त्यांनी बघावे.

२४ जून, सोमवार

पाऊस लागला. बांधीत धानाचे पऱ्हे टाकायची घाई, आई-बहीण शेतावर. लाइन सकाळपासून गेलेली. पोरे बॅटरीवर आलटून पालटून.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ भाच्याला दाखवला, २०२० चा. आपल्या मातीतल्या गोष्टीवर आपल्याच राज्यात बनलेला गेम. आमच्या यंत्राला तो पेलत नाही, म्हणून फक्त त्याची झलक बघितली. “हे पुन्यात बनलं?” त्याने पुन्हापुन्हा विचारले. मग तो दिवसभर कागदावर स्वतःच्या गेमचे नकाशे काढत होता : वैनगंगा, नागझिऱ्याचे जंगल, सारसांची जोडी. सारस महाराष्ट्रात आता मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरले आहेत, त्याच्या गेममध्ये त्यांचे घरटे वाचवायचे आहे. बोटाने की माऊसने, विचारले. “दोन्हीनं चालन,” म्हणाला.

२९ जून, शनिवार

उद्या पोरे तिरोड्याला. भावोजींकडे जुना डेस्कटॉप आहे, टच नाही. भाच्याने जावा माइनक्राफ्टसाठी माझा जादाचा माऊस मागून घेतला. माझ्या यंत्रावर या आठवड्यात विंडोज ११ घालायची आहे. १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, आणि इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ११ साठी साधारणपणे आठवी पिढी ही खालची मर्यादा, म्हणजे हे थोडक्यात बसते.

बिरसीला उतरणे अजून जमलेले नाही. भाचीने आज शेवटची फेरी मारली. वैनगंगा ओलांडली, गोंदिया डावीकडे ठेवले, धावपट्टी समोर दिसली. विमान जमिनीला टेकले, उसळले, पुन्हा टेकले आणि पट्टी संपवून शेतात शिरले. तिने वही ओढली. उतरताना वेग ६५ नॉटच्या आसपास हवा, तिचा ८० होता. झडपा उशिरा उघडल्या. उंची जास्त होती. तीन कारणे एकाखाली एक लिहून पान फाडून पर्समध्ये ठेवले आणि मला म्हणाली, दिवाळीपर्यंत गोंदियात साध्या जॉयस्टिकची किंमत विचारून ठेवा.